एक कप्पा रिकामा ठेवा

पत्र:

«ताई, माझं कॅमेऱ्याचं सगळं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये असतं. कॅनन आर६ मार्क टू कॅमेरा, २४-७० आणि ७०-२०० एमएमच्या दोन एफ/२.८ झूम लेन्स, एक ५० एमएमची छोटी एफ/१.८ लेन्स, फ्लॅश आणि बॅटऱ्या. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावरचे फोटो आणि अधूनमधून ओळखीच्यांचे छोटे कार्यक्रम, एवढंच माझं काम. पण लेन्स बदलायची म्हणजे सॅक उतरवा, खाली ठेवा, चेन उघडा. तोवर समोरचं निघून गेलेलं असतं. म्हणून खांद्याला लावायची बॅग घ्यायची आहे. सगळं सामान आणि १३ इंची लॅपटॉप मावेल अशी एकच मोठी बॅग बघतोय. मित्र म्हणतो कॅनव्हासची घे, दुकानदार म्हणतो नायलॉनची. माझा उजवा खांदा अधूनमधून भरून येतो, तेही सांगून ठेवतो. आणि रंग काळा बरा की खाकी?»

उत्तर:

बॅग बघायला जाण्याआधी घरातला वजनकाटा काढा. तुमच्या यादीचा हिशेब मी इथे मांडते, पण एकदा तुमच्या हातानेही करून बघा. बॅटरी आणि कार्डासकट तुमची बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, ६७० ग्रॅम. २४-७० ही ९०० ग्रॅम. ७०-२०० ट्रायपॉडला बसवायची रिंग काढून १०७० ग्रॅम. ५० जेमतेम १६०. चार सेल घातलेला मोठा फ्लॅश अर्धा किलो धरा. जादा बॅटऱ्या, कार्डं, धूळ उडवायचा ब्लोअर, लेन्स पुसायचं कापड असं सटरफटर मिळून पाव किलो. झाले साडेतीन किलो. आता लॅपटॉपचा सव्वा किलो, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली आणि खुद्द बॅग. चांगली गादी असलेली मध्यम बॅग रिकामीच किलो-सव्वा किलो भरते. तुम्ही म्हणता तेवढी मोठी घेतलीत तर दीड किलो तरी सहज. बेरीज पावणेसात किलोच्या घरात जाते.

सॅकमध्ये हेच वजन दोन खांद्यांत वाटलं जातं, थोडं पाठीला टेकतं आणि कमरेचा पट्टा असेल तर बरंचसं कमरेवर उतरतं. खांद्याच्या बॅगेत ते सगळं एका पट्ट्याच्या रुंदीवर येतं. शिवाय पट्टा घसरू नये म्हणून आपण तो खांदा नकळत वर उचलून धरतो, कानाच्या दिशेने, आणि तासन्‌तास तसाच ठेवतो. रात्री मानेपासून खांद्यापर्यंत जी रग लागते ती नुसत्या वजनाची नसते, या उचलून धरण्याचीही असते. तुमचा खांदा आधीच कुरकुरतोय. त्यामुळे सगळं मावेल अशी एकच मोठी बॅग हा विचार सोडून द्या, असं मी अगदी कळकळीने सांगेन. खांद्याची बॅग ही एका फेरीची बॅग असते. त्या दिवशी जे लागणार आहे तेवढं तिच्यात जावं, बाकीचं घरी राहावं. सॅक विकू नका, लांबच्या प्रवासाला तिचाच उपयोग होईल.

किती वजन झेपतं हे दुकानात कळत नाही. तिथे रिकामी बॅग खांद्याला लावून आरशात बघतो आणि ती छान दिसते. त्यापेक्षा घरातली कुठलीही मजबूत, लांब पट्ट्याची पिशवी घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे माप सगळ्यांत सोपं. लिटरच्या चार बाटल्या पिशवीत घाला आणि तासभर चालून या. मध्ये थांबा, वाका, एक जिना चढा-उतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळवून बघा. ठणकत असेल तर एक बाटली कमी करा आणि परत जा. माझी स्वतःची मर्यादा बॅगेच्या वजनासकट चार किलो आहे. ती मला अशीच सापडली आणि गेली कित्येक वर्षं मी ती ओलांडलेली नाही. तुमची साडेतीन निघेल, कदाचित तीनच निघेल. जी निघेल तिला मान द्या. आणि हात जड पडत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर बॅगेचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

आता तुमची दोन कामं बघू. रस्त्यावर फिरताना बॉडी, २४-७०, ५० आणि सटरफटर. हे दोन किलोच्या आत बसतं, किलोभराची बॅग धरली तरी तीन किलो. कार्यक्रमाला बॉडी, २४-७०, ७०-२००, फ्लॅश आणि सटरफटर. हे बॅगेसकट साडेचार किलोच्या घरात जातं खरं, पण कार्यक्रमात कॅमेरा लेन्ससकट तुमच्या हातात असतो, म्हणजे बॅगेत उरतात तीनच किलो. जाता-येताना तेवढा भार सोसावा लागेल. म्हणजे तुमच्या गरजेची बॅग मोठी नाहीच. एक बॉडी आणि दोन लेन्स मावतील एवढी मध्यम बॅग तुम्हाला पुरते.

एक बॉडी आणि दोन लेन्स म्हणजे किती कप्पे, असं विचारलंत तर बहुतेक जण दोन म्हणतील: एकात कॅमेरा लेन्स लावून, दुसऱ्यात दुसरी लेन्स. मी तीन म्हणते, आणि यावर मी अडून बसते. तुम्ही सॅक सोडून खांद्याच्या बॅगेकडे येताय ते उभ्याउभ्या लेन्स बदलता यावी म्हणून. ती बदलताना हातांचं काय होतं ते जरा सावकाश बघा. उजव्या हातात बॉडी, तिला २४-७० लावलेली. डाव्या हाताने ती सोडवली. आता डाव्या हातात ९०० ग्रॅमची लेन्स आहे, उजव्या हातातल्या बॉडीचं तोंड उघडं आहे आणि हवी असलेली ७०-२०० बॅगेत आहे. तिसरा हात नाही. काढलेली लेन्स कुठेतरी ठेवायलाच हवी. काही जण ती काखेत धरतात, काही गुडघ्यांत दाबतात, काही कॅमेऱ्याच्या मोकळ्या कप्प्यात सोडतात. तसं केलं तर काम होतं, पण मग कॅमेरा परत ठेवायच्या वेळी त्याची जागा अडलेली असते आणि पुन्हा अदलाबदल करावी लागते. एक कप्पा कायम रिकामा असेल तर काढलेली लेन्स त्यात सोडायची, शेजारची उचलायची, बसवायची, झालं. हा कप्पा मधला असला तर उत्तमच. हाताला त्याची सवय होते आणि खाली बघावं लागत नाही.

हे करताना बॉडीचं तोंड जमिनीकडे असू द्या, म्हणजे धूळ आत पडायला कमी वाव मिळतो. आणि बॅगेत वाट बघणाऱ्या लेन्सचं मागचं झाकण पूर्ण घट्ट न आवळता टेकवून ठेवलं तर ते दोन बोटांनी निघतं. उतरवलेल्या लेन्सला तेच झाकण लावायचं. मी एक वर्षभर झाकणं खिशात टाकत असे. खिशातली धूळ आणि कापडाचे तंतू झाकणातून लेन्सच्या मागच्या काचेवर आणि तिथून बॉडीतल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरवर जातात, हे सेन्सर साफ करून घ्यायची वेळ आल्यावर समजलं.

आता मापं. कंपनीने लिहिलेली बाहेरची मापं सोडून द्या, आतली बघा. तुमच्या दोन्ही मोठ्या लेन्सचा व्यास ९ सेंटीमीटरच्या आसपास आहे. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाशी लावायची उन्हाची झालर, उलटा लावून ठेवलात तर त्यात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची भर पडते. म्हणजे एक कप्पा किमान ११ सेंटीमीटर रुंद, आणि तीन कप्प्यांना मधल्या पडद्यांसह ३३-३४ सेंटीमीटर आतली रुंदी. उंचीचं माप कॅमेरा ठरवतो. बॉडीला लेन्स लावून, लेन्सचं तोंड खाली करून कॅमेरा ठेवायचा, म्हणजे वरून हात घातला की पकड थेट मुठीत येते. २४-७० लावलेली तुमची बॉडी अशी उभी ठेवली की २० सेंटीमीटरच्या आसपास जागा घेते. आतली उंची २१-२२ असली तर फ्लॅप, म्हणजे बॅगेचं वरचं झाकण, नीट बसेल. त्याहून कमी असेल तर फ्लॅप वर टेंगळासारखा फुगतो आणि पाऊस नेमका तिथूनच आत जातो.

राहिली जाडी, म्हणजे अंगापासून बाहेर किती येते ते. याकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि त्रास मात्र हीच सगळ्यांत जास्त देते. बॅग जेवढी जाड तेवढं वजन अंगापासून लांब, तेवढी ती चालताना हिंदकळते आणि कोपर तिच्यावर आपटतं. आतून १२-१३ सेंटीमीटर पुरेसं आहे. भरपूर मावतं म्हणून १८-२० सेंटीमीटरची जाडजूड बॅग घेतलीत तर गर्दीत दर माणशी माफी मागत फिरावं लागेल.

या सगळ्याची खातरजमा करायला एक जुना पुठ्ठ्याचा खोका पुरतो. ३४ बाय १२ बाय २२ सेंटीमीटरचा कापून-चिकटवून तयार करा, पुठ्ठ्याचेच दोन पडदे घाला, सामान ठेवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

कॅनव्हास की नायलॉन हा वाद मला आवडतो, कारण त्याच्यामागे एक गोष्ट आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर जिम डोम्के हे फिलाडेल्फिया इन्क्वायरर या अमेरिकन वृत्तपत्राचे छायाचित्रकार होते. दिवसभर खांद्यावर सामान घेऊन बातमीच्या मागे धावायचं तर टणक पेट्यांचा उपयोग नाही, हे अनुभवाने जाणून त्यांनी मऊ कॅनव्हासची, मोजक्याच गादीची बॅग तयार केली. ती अंगाला धरून बसते, कमरेच्या वळणावर वळते. तिच्या पट्ट्यात रबराचे धागे विणलेले असतात, त्यामुळे तो खांद्यावरून घसरत नाही. म्हणजे खांदा उचलून धरायची जी सवय मी वर सांगितली, तिच्यावरचा उपाय विणीतच आहे. इंग्लंडमध्ये मार्टिन बिलिंगहॅम यांनी १९७३ साली सुरू केलेली कंपनी आधी मासेमारीच्या बॅगा शिवायची. फोटोग्राफर त्या कॅमेऱ्यासाठी वापरतायत असं दिसल्यावर कॅमेऱ्याच्या बॅगा सुरू झाल्या. त्यांच्या कॅनव्हासमध्ये दोन कापडांच्या मध्ये ब्युटाइल रबराचा थर असतो, म्हणून तो पाणी आत येऊ देत नाही.

म्हणजे सगळे कॅनव्हास सारखे नसतात. साधा सुती कॅनव्हास मऊ असतो, अंगावरच्या कपड्यांना घासत नाही, वापरून वापरून आणखी छान होतो. पण भिजला की पाणी पितो, जड होतो आणि वाळायला वेळ घेतो. मेणाचा हात दिलेला कॅनव्हास पाणी झटकतो, मात्र त्याला वरचेवर पुन्हा मेण लावावं लागतं. बॅगेवर कॉर्ड्युरा असं लिहिलेलं दिसलं तर ते बहुधा जाड विणीचं नायलॉन असतं. त्यापुढे ५०० किंवा १००० डेनियर असा आकडा असतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. १००० डेनियरचा धागा जाड, कापड चिवट, पण तेच तुमच्या शर्टाला कमरेपाशी घासून घासून गोळे आणतं. खांद्याच्या बॅगेला ५०० पुष्कळ झालं.

नायलॉनमध्ये मला खटकते ती आतली बाजू. पाणी अडवायला आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला की तो चिकट होतो, मग सुटायला लागतो. माझ्या एका जुन्या बॅगेच्या पुढच्या खिशात हात घातला की बोटांना पिवळसर चिकटा यायचा आणि फिल्टरच्या डबीवरही तो बसलेला असायचा. ती टाकावी लागली. कापड वरून धडधाकट होतं.

एवढं सांगून माझा कौल द्यायचा तर तो मऊ, मध्यम जाडीच्या कॅनव्हासला, आतून पाणी अडवणारा थर असलेल्या. तुम्ही शहरात फिरता, माणसांत फिरता, बॅग अंगाशी असणार आहे. डोंगरदऱ्यांत, पाण्याच्या कडेला काम असतं तर मी नायलॉन म्हटलं असतं. दोन्हींत रेनकव्हर वेगळं ठेवाच. साध्या चेनमधून पाणी झिरपतंच, कापड काहीही असो.

कापडापेक्षाही जिथे बॅगा दगा देतात ती जागा म्हणजे पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो ती. एकदा जिना उतरताना माझ्या बॅगेचा प्लास्टिकचा हूक तडकला. आधी काही कुरकुर नाही, सूचना नाही. एक कट्ट आवाज आला आणि खांदा एकदम हलका झाला. बॅग तीन पायऱ्या खाली जाऊन थांबली. लेन्सचं पुढचं रिंगण चेपलं, फिल्टर त्यातच अडकून बसला आणि कापून काढावा लागला. तेव्हापासून मी नवी बॅग हातात घेतली की सगळ्यांत आधी ती जागा बघते. पट्टा थेट बॅगेच्या अंगाला शिवलेला असेल, किंवा बॅगेच्या तळाखालून गेलेला असेल, तर फारच उत्तम. मोडायला मध्ये काहीच नाही. हूक असलाच तर धातूचा असावा. टाके चौकोनात फुली अशा नमुन्यात घातलेले असावेत आणि टोकाला धागे लोंबत नसावेत. दोन्ही हातांनी धरून जोरात हिसडा द्या. दुकानदाराला वाईट वाटलं तर वाटू दे.

पट्ट्याची रुंदी चार ते पाच सेंटीमीटर हवी. अरुंद पट्टा रुततो आणि वळ उठवतो. खांद्याखाली सरकणारी गादी असेल तर तिचा खालचा पृष्ठभाग घसरता नको. लांबी अशी ठेवा की बॅगेचं तोंड कमरेच्या हाडाशी येईल, हात सरळ सोडला तर मनगट तोंडाशी लागेल. त्याहून खाली लोंबली की दर पावलाला मांडीवर आपटते आणि आत हात घालायला वाकावं लागतं. बहुतेक जण ती फार खाली लावतात.

आता तुमचा खांदा. लेन्स बदलताना कॅमेरा उजव्या हातात असतो आणि काम डावा हात करतो, हे वर आलंच. म्हणून सोयीची जागा डावी कंबर. पट्टा छातीवरून तिरका घ्यायचा तर बॅग डाव्या कमरेवर येण्यासाठी पट्टा उजव्या खांद्यावर पडतो. तुमचा नेमका तोच दुखरा. तेव्हा उलटं करा. चालताना पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका, बॅग उजव्या कमरेवर. थांबलात, लेन्स बदलायची आहे, की बॅग सरळ पुढे पोटावर ओढून घ्या. तिथे ती दोन्ही हातांच्या समोर येते, डोळ्यांसमोर येते आणि गर्दीत कोणाचा हात आत जाण्याची भीती राहत नाही. पातळ, मऊ बॅग पोटावर सहज येते. जाड, टणक बॅग तिथे टेबलासारखी उभी राहते. मऊ कॅनव्हासला माझा कौल आहे त्याचं हे दुसरं कारण. दर तासाने बॅग उतरवून पाच मिनिटं खांदे मोकळे सोडा. बॅगेला मागून कमरपट्टा अडकवायची सोय असेल तर तुमच्यासाठी ती चैन नाही, गरज आहे. जाता-येता तो आवळला की बराच भार कमरेवर जातो.

झाकणाचं तंत्र दुकानातच, सामान भरून तपासा. स्वतःचा कॅमेरा सोबत न्या. डोळे मिटा आणि एकाच हाताने बॅग उघडून कॅमेरा बाहेर काढा, परत ठेवा, बंद करा. दोन बकलं, त्यांच्याखाली वेल्क्रो आणि त्याखाली चेन असा बंदोबस्त असेल तर तुमची सॅक काय वाईट होती? साध्या वजनाने पडणारा, बाजूंनी कानासारखा दुमडणारा फ्लॅप आणि एक सोपं बकल मला पुरतं. वेल्क्रोचा फर्र आवाज शांत सभागृहात सगळ्यांना वळून बघायला लावतो. थिंक टँक कंपनीच्या रेट्रोस्पेक्टिव्ह बॅगांत वेल्क्रोवर दुमडून बसणारी एक पट्टी असते, म्हणजे हवा तेव्हा वेल्क्रो झाकता येतो. ती कल्पना मला फार पटली.

उघड्या फ्लॅपने वाकू मात्र नका, कधीच. मी एका मुलाचा फोटो घ्यायला गुडघ्यावर बसले, बॅग पुढे कलंडली आणि ५० एमएमची लेन्स फरशीवरून घरंगळत गेली. ती वाचली, कारण तो हलका गोळा होता. ७०-२०० वाचली नसती. वाकायचं असलं की आधी बकल, मग गुडघा. हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे.

गादी किती असावी? तळाला भरपूर, कारण बॅग नेहमी तळावरच टेकते. मधल्या पडद्यांना बऱ्यापैकी, म्हणजे लेन्स एकमेकींवर आपटणार नाहीत. बाजूंना थोडीच. अंगठ्याने दाबून बघा. फोम लगेच पुन्हा वर आला पाहिजे. दबलेलाच राहिला तर वर्षात त्याची चटणी होईल. घरात एखादी मजबूत, आवडती कापडी बॅग असेल तर नुसता गादीचा खण मिळतो, तो आत बसवूनही चालतं. आधी महिनाभर तसं वापरून पाहिलंत तर नवी बॅग घेताना तुम्हाला नेमकं काय हवं ते कळलेलं असेल.

लॅपटॉपला माझी सरळ ना आहे. त्याच्या सव्वा किलोपेक्षाही त्याचा ताठपणा नडतो. १३ इंची लॅपटॉप आत घातला की पाठीमागची ती सपाट ताठ फळी बॅगेला कमरेवर वळूच देत नाही. रस्त्यावर फोटो काढताना तो लागत नाही. कार्यक्रमाला लागलाच तर वेगळ्या पिशवीत न्या आणि पोचल्यावर सुरक्षित जागी ठेवून द्या.

विमानाने जायचं झालं तर जादा लिथियम बॅटऱ्या सोबतच ठेवाव्या लागतात, चेक-इनच्या सामानात टाकायला परवानगी नसते. त्यांच्यासाठी एक छोटा झाकणाचा खिसा बघून ठेवा आणि बॅटरीच्या टोप्या लावूनच त्यात घाला, म्हणजे तिची धातूची टोकं किल्ल्या-नाण्यांना लागणार नाहीत.

आणि बॅग हे कॅमेऱ्याचं घर नव्हे. फेरी संपली की सामान बाहेर काढा. कापड आणि फोम दमटपणा धरून ठेवतात, आत अंधार असतो, हवा खेळत नाही. बुरशीला याहून काय हवं? लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे एकदा पसरले की ते काढणं खर्चिक असतं, आणि काचेवरचा लेप त्यांनी खाल्ला असेल तर डाग राहतोच. सामान हवाबंद डब्यात, ताज्या सिलिका जेलबरोबर ठेवा. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते वाळवून घ्या. बॅग उलटी करून झटका आणि तोंड उघडं ठेवून वाऱ्यावर टांगा. कॅनव्हास भिजला असेल तर पूर्ण वाळेपर्यंत तिच्यात काहीही ठेवू नका.

शेवटी तुमचा रंगाचा प्रश्न. बाहेरून काळा घ्या की खाकी घ्या, फारसा फरक पडत नाही. उन्हात काळी बॅग जास्त तापते आणि खाकीवर धूळ कमी दिसते, एवढंच. कंपनीचं मोठं चकचकीत नाव नसलेली घ्या, म्हणजे आत काय आहे ते लांबून कळत नाही. पण आतला रंग नीट बघा. लेन्स काळ्या, झाकणं काळी, बॅटऱ्या काळ्या, आणि अस्तरही काळं असलं तर संध्याकाळच्या उजेडात नुसतं चाचपडत बसावं लागतं. फिकट राखाडी किंवा पिवळं अस्तर असलेली मिळाली तर तीच घ्या. आत पडलेलं एवढंसं कार्डही त्यावर चटकन दिसतं.